पाच बोटांचा सौदा

अण्णा धुमाळांनी मला फसवलं. आठ वर्षं, दर सामन्याला, भर मैदानात, आणि तेही माझा हात हातात घेऊन. भोरच्या बाजारात दुसऱ्या कुणाला हे आजवर जमलेलं नाही. वेल्ह्याच्या डोंगरातून हिरड्याची पोती स्वतःच्या पाठीवरून उतरवत मी धंदा उभा केला. ओला हिरडा सुका म्हणून गळ्यात मारायला आलेल्या भल्याभल्यांना मी पोत्यासकट परत पाठवलंय. तरी या एका माणसानं मला गंडवलं. कसं गंडवलं, ते चार लोकांना कळलंच पाहिजे.

अण्णा आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर. एकदोन नव्हे, बावीस वर्षं. पोटापाण्याचा धंदा म्हणजे गुरांच्या बाजारात दलाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. अण्णांना वाटत नसे. "खोंड काय आन् पोरगं काय, मोकळं सोडल्याबिगार पळतंय का न्हाई ते कळत न्हाई," असं ते म्हणत. क्लबात खेळायला कुणी आला, की त्याला चेंडू मारून दाखव म्हणायचे नाहीत. त्याच्याभोवती एक चक्कर मारायची, पोटऱ्या दाबून बघायच्या, पाठीवर थाप द्यायची आणि शेवटी म्हणायचं, "आ कर." मी गेलो तेव्हा माझेही दात बघितले. "सहादाती हाय, ऐन उमेदीतला. चालंल," म्हणाले, आणि मला बॅकला उभं केलं.

खेळाचे नियम त्यांनी कधी शिकून घेतले नाहीत. ऑफसाईडला ते 'दुसऱ्याच्या रानात शिरला' म्हणायचे आणि शिट्टी वाजवणाऱ्या पंचाला 'कोंडवाड्याचा शिपाई'. एकदा आमचा एक गडी लंगडायला लागला, तर बदली कोण उतरवायचा हे ठरवण्याआधी त्यांनी त्याच्या पायाला हळद-तेल चोळून त्याला सावलीत बांधल्यासारखा बसवला आणि पुढ्यात गूळ ठेवला.

पण खरी गंमत मध्यंतरातली. इतर क्लबांचे मॅनेजर मध्यंतरात ओरडतात, मातीत रेघा ओढतात, कुणाच्या तरी आईबापाचा उद्धार करतात. अण्णा तोंड उघडत नसत. खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर टाकायचे आणि एकेकाला जवळ बोलवायचे. गुरांचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना ही रीत ठाऊक आहे. तिथं बैलाची किंमत तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा ठरवतात. दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही.

पहिल्याच सामन्यात अण्णांनी माझी बोटं धरली. पाचच्या पाच, करकचून. मग कानाशी येऊन पुटपुटले, "पुरा आकडा. तुला एकट्याला. फोडायचा न्हाई."

आकडा फोडणारा दलाल बाजारातून उठला, हा तिथला कायदा. मी व्यापारी माणूस, कायदा पाळतो. आठ वर्षं बायकोलाही बोललो नाही. पण मनात पक्कं होतं, की अकरांत पाच बोटांचा मी एकटा आणि बाकीचे तीन-चारवाले. आमचा गोलकीपर रहिमान कापूरहोळच्या नाक्यावर बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा. त्याला तर अण्णा दयेपोटी दोन धरत असतील असा माझा अंदाज होता. कीव येऊन मी त्याला दोनदा चहा पाजला.

आणि आम्ही जिंकायचो. अनवाणी पायांनी बूटवाल्यांना हरवायचो. मध्यंतरानंतर अकराच्या अकरा जण असे धावत सुटायचे, की समोरच्यांना वाटावं आमच्यात पंधरा-वीस गडी आहेत.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी अचानक शिट्टी, पंप आणि दोन चेंडू माझ्या दुकानात आणून ठेवले.

"जगू, आता तू बघ. म्या चाललो गावाकडं, आंबवड्याला."

"आन् आकडे?" मी विचारलं. "कुणाला किती ते सांगून जावा. न बघता माल घेणारा न्हाई मी."

"उपरण्यातलं उपरण्यात," अण्णा म्हणाले आणि चालू लागले.

ठीक आहे, म्हटलं. पारख मलाही आहे. हिरड्याची प्रत लावतो तशी मी गड्यांची प्रत लावली. लबाडी नाही, वशिला नाही. पुढच्या सामन्याच्या मध्यंतरात नवंकोरं उपरणं हातावर टाकलं आणि ज्याला त्याला त्याची रास्त किंमत सांगितली. पालीचा सोपान वाऱ्यासारखा पळायचा, पण चेंडू कुणाला द्यायचा नाही, त्याला चार. रहिमानला दोन.

रहिमाननं हात बाहेर काढला आणि बोटांकडे बघत राहिला. "जगूशेट, काय चुकलं का?"

"माझं आकड्यात कधी चुकत न्हाई," मी म्हटलं.

मध्यंतरानंतर आमच्यावर सहा गोल झाले.

पुढंही तेच. मी जितकी अचूक किंमत करावी, तितका माल नासत जाई. सोपान यायचा थांबला. निरोप पाठवला की भातं काढायची आहेत. तेव्हा वैशाख चालू होता. दुसऱ्या वर्षी चौघांनी नाव काढून घेतलं. इकडे गावच्या कारभाऱ्यांनी बजावलं, की दिवाळीनंतरच्या शिरवळकरांविरुद्धच्या सामन्याला अकरा गडी उभे राहिले नाहीत, तर नदीकाठचं मैदान गुरांच्या बाजाराला जाईल. अण्णांचा क्लब जाऊन तिथं अण्णांचाच बाजार भरणार, आणि तो माझ्या कारकिर्दीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उरलेल्या सगळ्यांना मैदानावर बोलावलं. सातजण आले. त्यातला सोपान क्लबचा सदरा परत करायला आला होता. मी तोंड सोडलं. त्यांच्या आळसाबद्दल, कृतघ्नपणाबद्दल आणि पोटऱ्यांबद्दल जे बोलायचं ते बोललो. तेव्हा रहिमान पुढं आला.

"मी आकडा फोडतो," तो म्हणाला. "माफ करा. अण्णांनी मला चौदा वर्षं पाच धरली. निस्त्या शेवटच्या सामन्याला तीन, तर मला दोन दिवस घास गेला न्हाई. आन् तुमी सरळ दोन?"

सोपान गर्रकन वळला. "तुला पाच? आरं, पाच मला हुती!"

"गप रं! पाच माझी!" तिसरा ओरडला.

"एकट्याला, म्हणाले का?"

"व्हय. फोडायचा न्हाई, म्हणाले."

सातही जण पाचाचे निघाले. मग सगळे माझ्याकडे वळले. सोपाननं विचारलं, "तुमाला किती हुती, जगूशेट?"

"मला आठवत न्हाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आंबवड्याला पोचलो. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ओट्यावर अण्णा, अंगणात रतन्या नावाचा एक म्हातारा बैल. दोघांचेही दात गेलेले. जन्मभर दुसऱ्यांचे बैल विकणाऱ्या माणसाला हा एक काही विकता आला नव्हता.

"अण्णा, तुमी आमाला लुबाडलं," मी उभ्याउभ्याच म्हटलं.

"बस. काय नेलं म्या तुमचं?"

मी आवाज चढवला. "आकडा खोटा सांगितला! समद्यांना पाच! बाजारात असं कुणी केलं असतं, तर तुमीच त्याला उठवला असता."

"व्हय, उठवला असता." अण्णांनी रतन्याच्या मानेखाली खाजवलं. "बैलाची किंमत म्या कदी खोटी सांगितली न्हाई. बैलाला ती कळत न्हाई ना. माणसाला कळती, जगू."

"मग एवढं कळत हुतं, तर सोडून का आला?"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. तेच जुनं, किनार विरलेलं. "हात दे," म्हणाले.

उपरण्याखाली त्यांनी माझी बोटं धरली. तीन धरली गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं निसटलं. त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

"माझी दोन बोटं मेली," अण्णा म्हणाले. "पाच धरायला जातो, तीन ऱ्हात्यात. शेवटच्या सामन्याला बाकीच्यांना कसंबसं जमलं, रहिमानची बारी आली आन् तीनच धरली गेली. गोल सोडून पोरगं माझ्याकडंच बघत हुतं, माझं काय चुकलं म्हणून. त्याला काय सांगू? तू तिनाचा न्हाईस बाबा, माझा हात तिनाचा हाय? सांगितलं असतं तर समदेच आकडे फुटले असते."

मी रागीट माणूस आहे, आणि राग मधेच सोडून द्यायची मला सवय नाही. पण हात उपरण्याखाली होताच. मी अण्णांची बोटं धरली. मेलेली दोन धरून पाचही.

"खोटी धरतुयास," अण्णा म्हणाले. हात मात्र काढला नाही.

दिवाळीनंतर शिरवळकर आले. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन भांडलो होतो. अकरा गडी उभे राहिले. गोलच्या मागं बैलगाडीत अण्णा बसले होते. मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागं होतो. मी अण्णांकडून मागून घेतलेलं विरलेलं उपरणं हातावर टाकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना सगळं ठाऊक. आता कोण हात देणार?

रहिमान पहिला आला. गुपचूप हात खाली घातला. मी पाच धरली.

"फोडत न्हाई," तो कानाशी पुटपुटला आणि पळत गेला. त्याच्यामागं बाकीच्या दहा जणांची रांग लागली.

सामना दोन-दोननं सुटला. सोपाननं मारलेला आमचा तिसरा गोल कोंडवाड्याच्या शिपायानं धरला, दुसऱ्याच्या रानात शिरला म्हणून. मैदान राहिलं.

पण माझा दावा मिटलेला नाही. अण्णांनी समद्यांना पाच धरली, मान्य. पोरांसाठी धरली, तेही मान्य. पण एवढी गुरं पारखलेल्या माणसाच्या मनात खरा आकडा नसेल, हे मला कुणी पटवू शकणार नाही. अकरांतल्या एकाची तरी पाच खरी असणारच. हे विचारायला मी तीनदा आंबवड्याला गेलो. तीनदा एकच उत्तर मिळालं, उपरण्यातलं उपरण्यात.

अण्णा, हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. आता चारचौघांत विचारतो. ती खरी पाच कुणाची होती? रहिमानचं नाव घेतलंत तर मी मान्य करणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण जाब तुम्हाला द्यावा लागेल.