लिंपलेली ढोली आणि पाच झाडं

एका जंगलात, बाळांनो, सगळी झाडं फुकट होती.

फळ पिकलं की खाली पडायचं. ज्याच्या पुढ्यात पडेल त्यानं ते खायचं. ही पद्धत फार मागासलेली होती. पण तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून चालून जात होतं.

त्या जंगलात साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, स्वभाव मऊ. तिचं वय झालं होतं. जमीन उकरून उकरून पुढच्या पायांची नखं झिजली होती. थंडीत माती जरा ओली असते, तोवर ती कसेबसे कंद उकरायची आणि बिळात साठवायची. उन्हाळ्यात माती दगडासारखी होते. तेव्हा तो साठा खायचा. साठा आहे तर साळू आहे, साठा नाही तर साळू नाही. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आदल्या उन्हाळ्यात हुप्पेराव नावाच्या वानरानं जंगलाला एक योजना दिली होती. कोणत्या झाडावर कधी जायचं ते मी बघतो, तुम्ही खाली निवांत बसा, असं तो म्हणाला होता. मग तो आणि त्याची टोळी दिवसभर या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत राहिली. खाली साली आणि बिया पडत राहिल्या. उन्हाळा संपला तेव्हा टोळी गुबगुबीत झाली होती, आणि हुप्पेरावानं जाहीर केलं की यंदा एकूण जंगलच मंदीत होतं.

त्यामुळे पळस फुलायच्या सुमाराला धनेश पक्षी आला, तेव्हा सगळे त्याचं ऐकायला आधीच तयार होते.

धनेशाची चोच फार मोठी होती. चोचीवर आणखी एक चोच ठेवावी तसं काहीतरी होतं. एवढी चोच उघडायचेच कष्ट. तो खोटं बोलण्यासाठी कशाला उघडेल, असं सगळ्यांना वाटलं. आणि खरं सांगतो, तो खोटं बोललाही नाही. या गोष्टीत कुणीच लबाड नाही. म्हणून तर ती लांबते.

"माझ्या योजनेत कुणी उड्या मारणार नाही," धनेश म्हणाला. "मीसुद्धा नाही. पाच झाडं एकदाच निवडायची. प्रत्येकाचं एक पान ढोलीत ठेवायचं. ढोली चिखलानं लिंपून टाकायची. थोडी फट ठेवायची, हवेपुरती. मग जांभळं संपेपर्यंत ढोली उघडायची नाही. आमच्या घराण्यात लिंपण्याची परंपरा आहे."

"आणि मधेच एखादं झाड वाळलं तर?" घोरपडीनं विचारलं. घोरपड ही साळूची शेजारीण. ती वाळवी आणि अंडी खायची. तिला फळांशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून तिला प्रश्न सुचायचे.

"वाळलं तरी काढायचं नाही."

"शेजारचं झाड फळांनी वाकलं तर?"

"तरी घालायचं नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"काहीच नाही."

"आणि त्याचे किती घेणार?"

"दहावं फळ," धनेश म्हणाला. "काही न करायला फार संयम लागतो, बाई."

हुप्पेरावाच्या उड्यांनी माना दुखलेल्या मंडळींना हे एकदम पटलं.

धनेशानं त्यांना नवे शब्दही शिकवले. वाट्याला युनिट म्हणायचं. फळाला लाभांश म्हणायचं. फुकट पडलेलं फळ म्हणजे नुसतं नशीब. तेच फळ युनिटवर मिळालं की त्याला उत्पन्न म्हणायचं. शेवटी टिटवी उठली आणि एका दमात म्हणाली, "गेल्या वर्षीच्या फळांवरून यंदाच्या फळांची हमी नाही झाडं निसर्गाच्या जोखमीच्या अधीन आहेत उपाशी राहिल्यास तक्रार वाऱ्याकडे करावी." टिटवी नेहमीच काहीतरी ओरडत असते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

झाडं निवडायची रीत शास्त्रीय होती. नुसती फळं मोजायची नाहीत. उंचीच्या मानानं फळं मोजायची. झाड जितकं बुटकं आणि फळ जितकं जास्त, तितकं ते झाड उत्तम.

या रीतीनं पहिला नंबर आला तो एका फणसाचा. तो वादळात उन्मळून आडवा पडला होता. उंची जेमतेम गुडघाभर, आणि अंगावर फणस लगडलेले. असं प्रमाण जंगलात कुणाचंच नव्हतं. दुसरी बोर, ती बुटकी होती आणि महिन्यापूर्वी बोरांनी भरली होती. तिसरा उंबर. ओढ्याची दरड ढासळल्यानं तो पाण्यावर इतका वाकला होता, की शेंडा पाण्याला टेकायचा. चौथं बांबूचं बेट. जिवंत असलेल्या कुणीही त्या बांबूला कधी फूल आलेलं पाहिलं नव्हतं, आणि यंदा तो शेंड्यापासून बुडापर्यंत दाण्यांनी लोंबत होता.

"हा उगवता तारा आहे," धनेश म्हणाला.

पाचवी होती एक टेंभुर्णी. ती गेली कित्येक वर्षं थोडीथोडी, पण न चुकता फळं देत होती. तिला केवळ यादी पूर्ण करायला घेतलं.

आता झाडं विकत घ्यायची तर ती कुणाची तरी असायला हवीत. त्यांच्याखाली रानडुकरं लोळत असत, म्हणून मालकी त्यांची ठरली. किंमत कंदांत ठरली, कारण डुकरांना कंद आवडतात. आडव्या फणसाचा सौदा झाला तेव्हा थोरलं डुक्कर हसलं की शिंकलं, ते कुणाला नीट कळलं नाही.

साळूनं सगळा साठा द्यायचं ठरवलं.

"अगं, निम्मे तरी ठेव," घोरपड म्हणाली.

"निम्मे ठेवले तर निम्माच लाभांश."

"आणि तो आला नाही म्हणजे?"

"पाच झाडं आहेत, एक नाही. पाचही एकदम बसतात का कधी?"

"त्यातलं एक तर आधीच निजलंय."

"तुला शास्त्र कळत नाही," साळू म्हणाली. "वाळवी खाणाऱ्याची नजर वाळवीपुरती. माझी नखं झिजली, घोरपडे. बसल्या जागी खायला मिळायला हवं मला. या उन्हाळ्यात मी उकरणार नाही, बघशील तू."

घोरपड म्हणाली, "बघेन."

हा शब्द साळूला फार लागला.

डुकरांनी कंद खाल्ले. धनेशानं पाच पानं उंच ढोलीत ठेवली, ढोली लिंपली, आणि जंगलाच्या अर्थव्यवस्थेला सुरुवात झाली.

पहिले दिवस सोन्याचे होते. बांबूचे दाणे इतके पडले, की खायला तोंडं कमी पडली. आडव्या फणसाचे फणस पिकून फुटले आणि सगळं जंगल घमघमलं. साळू रोज घोरपडीच्या बिळापुढून मुद्दाम हळू जायची.

"लाभांश घेऊन येतेय," ती न विचारता सांगायची.

"ये बाई," घोरपड म्हणायची.

वाटपाच्या वेळी धनेश दहावं फळ चोचीत धरून ढोलीपाशी जायचा. यादीला हवा लागतेय का ते बघायला जातो, असं म्हणायचा. त्याचा कर्तव्यदक्षपणा सगळ्यांना आवडायचा.

मग बांबू वाळला. एक नाही, अख्खं बेट. बांबू जन्मात एकदाच फुलतो, आणि फुलला की मरतो. जंगलाला हे तेव्हा कळलं.

"काढून टाका त्याला," ससे म्हणाले.

"यादी लिंपलेली आहे," धनेश शांतपणे म्हणाला. "घाबरून झाडं बदलायची नाहीत. तेच तर हुप्पेराव करायचा."

सशांना लाज वाटली. ते पुन्हा वाळलेल्या बांबूखाली जाऊन बसले.

आडव्या फणसानं जे काही दिलं ते मुळांत उरलेल्या ओलाव्यावर दिलं होतं. तो ओलावा संपला. बोरीची बोरं तर निवडीआधीच खाऊन झाली होती. ती फक्त हिशेबात होती. उंबर एका दुपारी ओढ्यात पडला आणि लाभांशासकट वाहून गेला. उरली टेंभुर्णी. ती एकटी पाचांचं ओझं वाहत होती. एकेकाला एक टेंभूर मिळायचं. त्यातही दहावं जायचं.

आता बाळांनो, गंमत ऐका. यादीबाहेरची सगळी झाडं त्या उन्हाळ्यात मजेत होती. करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. पण युनिटवाले त्यांच्याकडे बघत नसत. आपले कंद पाच झाडांत गुंतलेले असताना भलत्याच झाडाचं फुकट खाणं, हे आपणच आपल्या निवडीवर अविश्वास दाखवण्यासारखं होतं. एका सशानं एक करवंद खाल्लं, तर त्याला बैठकीत उभं करून विचारलं, "तुझा दीर्घकालीन दृष्टिकोन कुठे गेला?"

साळूच्या तर दारातच मोहाचं झाड होतं. रोज पहाटे त्याची फुलं टपटप पडायची. साळू त्याच्याकडे पाठ करून बसायची. तिच्या पोटाला खळगा पडला होता. माती दगड झाली होती. एकदा तिनं उकरून पाहिलं, तर उरलेलं नखही तुटलं.

"कसा आहे लाभांश?" घोरपड बिळातून विचारायची.

"थोडी घसरण आहे," साळू म्हणायची. "सावरेल."

एका पहाटे तिला उठवेना. मोह टपटपत होता. एक फूल तिच्या काट्यात टोचून अडकलं. मानेजवळच होतं. ती जरा वळली आणि ते तोंडात आलं. गोड होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. घोरपड झोपलेली होती. साळूनं दुसरं खाल्लं. मग तिनं मोजणं सोडलं.

त्यानंतर ती रोज घोरपड उठायच्या आत फुलं वेचायची. उरलेली बिळात आत नेऊन सुकवायची. फूल जुनं झालं की जरा चढायचं. तेव्हा साळू बिळात गुणगुणायची. घोरपडीला वाटायचं, भुकेनं बरळतेय. तिला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही.

जांभळं संपली. ढोली फोडायचा दिवस आला. रोडावलेलं जंगल झाडाखाली जमलं. धनेशानं चोचीनं लिंपण फोडलं.

आतून आधी धनेशाची बायको बाहेर आली. लिंपलं तेव्हापासून ती आतच होती. तिच्यामागून दोन पिल्लं. इतकी गुटगुटीत, की त्यांना ढोलीतून बाहेर पडता पडेना. पाच पानांचा चुरा त्यांनी खाली अंथरला होता.



"हे काय?" एका सशानं विचारलं.

"दहावं फळ," धनेश सरळपणे म्हणाला. "सांगितलं होतं ना. परंपरा आहे म्हणून."

सशानं आठवून पाहिलं. खरंच सांगितलं होतं. मग एक हरिणी म्हणाली, "पिल्लं मात्र गोड आहेत हो." आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं. आपल्या गुंतवणुकीतून कुठेतरी काहीतरी वाढलं, याचं समाधान होतं. भांडवल परत देताना प्रत्येकाला वाळक्या बांबूचं एकेक कांडं मिळालं.

तेवढ्यात धनेशाची नजर साळूवर गेली. सगळ्या गर्दीत ती एकटी टवटवीत होती.

"साळूमावशी, तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसताय. कशावर काढला उन्हाळा?"

साळूनं तोंड उघडलं. समोर घोरपड उभी होती. तिनं मान तिरकी केली होती आणि ती बघत होती.

"कशावर म्हणजे?" साळू म्हणाली. "युनिटवर. मी घाबरले नाही, एवढंच."

गर्दीतून कौतुकाची कुजबुज गेली. ससे खजील झाले. आपलाच संयम कमी पडला, हे त्यांना कळलं. घोरपडीची मान सरळ झाली. साळूला त्या क्षणी सगळ्या कंदांची भरपाई झाल्यासारखं वाटलं.

पण तिच्या पाठीवर, काट्यांत, एक वाळलेलं मोहाचं फूल अडकलं होतं. पाठीमागचं तिला दिसत नव्हतं. धनेशाला दिसलं. तो काही बोलला नाही. काही न करण्याचा त्याला सराव होता.

पुढच्या वर्षी पळस फुलला आणि योजनेची दुसरी मालिका निघाली. निवडीची रीत बदलली होती. आता बुटकी झाडं नकोत. दारातली, जुनी, न चुकता फुलणारी हवीत. यादीत पहिलं नाव साळूच्या मोहाचं होतं.

"तो माझ्या दारातला आहे," साळू म्हणाली.

"म्हणूनच," धनेश म्हणाला. "तुमच्यामुळेच लोकांचा विश्वास बसला, मावशी. पहिलं युनिट तुम्हीच घ्यायला हवं."

मोहाखाली डुकरं कधी लोळली नव्हती. ती त्या सकाळी येऊन लोळून गेली. साळूला त्या थंडीत तुटक्या नखांनी साठवलेले कंद त्यांना द्यावे लागले. सगळं जंगल बघत होतं. घोरपड तर पुढेच बसली होती. तिनं या वेळी अंडी देऊन दोन युनिटं घेतली होती.

"तू सांगितलंस म्हणून हं," ती म्हणाली. "नाहीतर मी कसली घेते."

आता पहाटे मोह टपटपतो. साळू दारात बसलेली असते. झाडाखाली हुप्पेराव राखणीला असतो. त्याला अनुभव आहे म्हणून ठेवला. साळू हलत नाही. फूल आपण होऊन काट्यात अडकावं, अशा बेतानं ती पाठ फुगवून बसते. कधी एखादं अडकतंही.

मग हुप्पेराव उठतो, अदबीनं जवळ येतो आणि दोन बोटांनी ते काट्यातून काढून घेतो.

"वाटपाचं आहे, मावशी," तो म्हणतो. "तुमचा वाटा पौर्णिमेला."

तात्पर्य : दारातल्या झाडाखाली बसून जो नुसता खातो, तो आळशी. तेच झाड आधी दुसऱ्याच्या स्वाधीन करून, मग आपल्या साठ्यातून त्याचा एक वाटा जो विकत घेतो, तो दूरदर्शी. बाळांनो, दूरदर्शी व्हा. आणि जाता जाता, तुमच्या दारात कोणतं झाड आहे, तेवढं सांगून जा.