उलटं दार आणि आतले मामा

माझ्या हातात कसब आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो, हा भाग वेगळा. त्यामुळे आमच्या बाथरूमचं दार फुगून खाली फरशीला घासायला लागलं, तेव्हा घरातल्या बाकीच्यांना वैताग आला आणि मला आनंद झाला. दार असं केकाटायचं की कोण कधी आंघोळीला गेलं हे खालच्या मजल्यालाही कळायचं.

"सुताराला निरोप देते," बायको म्हणाली. "उद्या मामा यायचेत."

"त्याला सुतार कशाला? खालून जरासा रंधा मारला की झालं."

"तुम्ही मारणार?"

त्यातला 'तुम्ही' तिने ज्या सुरात उच्चारला ना, त्या सुरामुळेच पुढचं सगळं घडलं.

मामा म्हणजे बायकोचे मामा. निवृत्त हेडमास्तर. माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि त्यासाठी ते आमच्याकडे उतरणार होते. आमच्या लग्नात त्यांनी माझा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि "मऊ आहे" एवढंच म्हणाले. ते 'मऊ' मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेजाऱ्यांचा रंधा मागून आणला, बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उचलून हॉलमध्ये नेलं. दार चांगलंच जड होतं. ते बोळातून वळवताना, आईच्या खुर्चीवरून पलीकडे नेताना, त्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले याचा माझा गोंधळ झाला. पण रंधा काय सुरेख चालला म्हणून सांगू! लाकडाच्या पातळ गुंडाळ्या सोफ्याखालपर्यंत गेल्या. आई पाय वर घेऊन बसली होती.

"बेतानं रे," ती म्हणाली. "थोडं दारही उरू दे."

मी दार परत बसवलं. ते पूर्वीसारखंच केकाटलं. वरच्या बाजूला मात्र चांगली चार बोटांची फट पडली होती.

बायकोने मान वर करून फट पाहिली. "उजेड छान येतोय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता. मला मात्र त्याच क्षणी सुचलं की दारच उलटं करावं. वरचं टोक खाली आणलं की फट खाली जाईल आणि घासणं संपेल. सुतारालाही सुचली नसती अशी युक्ती! दार पुन्हा काढलं, उलटं केलं, बिजागऱ्या नव्या जागी ठोकल्या. आता ते इतकं हलकं फिरायला लागलं की मला क्षणभर स्वतःचाच अभिमान वाटला.

अडचणी दोनच होत्या. दार उलटं झाल्यामुळे आतली कडी बाहेर आली होती, तीही गुडघ्याच्या खाली. आणि दार इतकं सैल झालं होतं की आपोआप उघडून बसायचं. मग मी चौकटीवर बाहेरून पत्र्याची एक पट्टी ठोकली आणि कडी त्या पट्टीत सरकवून दार बंद केलं. आतून दुसरी कडी दुपारी बसवू म्हटलं. मामा संध्याकाळी येणार होते.

मामा अकराला आले.

"सत्कार आज दुपारीच ठेवलाय. त्यांची गाडी इकडेच येणार आहे," बॅग ठेवतच ते म्हणाले. "चटकन आंघोळ उरकतो."

"मामा, आतून कडी नाहीये. म्हणजे तात्पुरती नाहीये. पण मी बाहेर उभा राहतो."

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "परीक्षेच्या वेळी मी असाच उभा राहत असे," म्हणाले, आत गेले आणि दार उघडू नये म्हणून त्याला आतून बादली टेकवली.

मी इमानदारीने उभा होतो. पण तेवढ्यात दाराची बेल वाजली. गाडीचा ड्रायव्हर आला होता. त्याला बसवून पाणी देईपर्यंत आई तिच्या खोलीतून बाहेर आली. मामा आल्याचं तिला माहीतच नव्हतं. बाथरूमची कडी उघडी दिसली, तशी तिने ती पायाने सारली आणि पुढे गेली.

थोड्या वेळाने आतून टकटक झाली.

"जावईबापू, दार उघडत नाही."

मी कडी ओढली. ढिम्म. माझी पट्टी तिरकी बसली होती, आणि आईच्या लाथेने कडी तिच्यात पाचरीसारखी रुतली होती. पक्कड लावून ओढली, तर कडीची मूठ तुटून हातात आली.

"अगं आई, कडी कशाला लावलीस?"

"उघडी होती म्हणून. वाकवत नाही मला, म्हणून पाय लावला."

ड्रायव्हर बोळात येऊन उभा राहिला. "साहेब, तिकडे लोक हार घेऊन थांबलेत."

"बाहेर नक्की काय चाललंय?" मामांनी विचारलं.

"काही नाही मामा, जरा कडी अडकलीये."

बायकोने एव्हाना सुताराला फोन लावला होता. तो दुसरीकडे कामात होता आणि दुपारनंतर येणार होता. फोन ठेवून ती माझ्या हातातल्या तुटक्या मुठीकडे बघत राहिली.

मग आतून मामांचा आवाज आला, वर्गात येतो तसा.

"बिजागऱ्या माझ्या बाजूला आहेत. खालून स्क्रू ड्रायव्हर सारा. चष्मा सारा. आणि कपडेही, कारण मी टॉवेलवर आहे."

चार बोटांच्या त्या फटीचा तेवढा उपयोग झाला. स्क्रू ड्रायव्हर गेला, चष्मा गेला, बायकोने इस्त्रीची पँट आणि शर्ट घडी न मोडता आत सरकवला. आतून हजेरी घेतल्यासारखा आवाज येऊ लागला. "एक निघाला. दुसरा निघाला. हा कोणी बसवला? याला आटेच उरले नाहीत."

मी तुटलेली मूठ खिशात टाकली.

शेवटचा स्क्रू काही निघेना. मामांनी दार दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. कडाड असा आवाज झाला आणि दार, बिजागऱ्या, माझी पट्टी आणि चौकटीचा अख्खा एक दांडा घेऊन मामा प्रकट झाले. केसांत भुसा होता, शर्टाची घडी मात्र कडक होती. मी मान खाली घातली.

पण मामा खूश होते. आयुष्यभर मुलांना स्वावलंबनावर निबंध घातले, स्वतः पहिला स्क्रू आज काढला, म्हणाले. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पेनाशेजारी खिशात खोचला आणि तसेच सत्काराला गेले. तिथे भाषणात त्यांनी ही सगळी हकीकत सांगितली. बायको पुढच्या रांगेत होती. लोकांनी मागे वळून वळून जावई कुठे आहे ते शोधलं, असं ती म्हणाली. मी गेलो नव्हतो. घराला एक तरी माणूस हवा ना.

सुतार आला, त्याने चौकट पाहिली आणि सगळंच नवीन करावं लागेल म्हणाला. तोवर बाथरूमला चादर लावलीये. आत कोणी आहे हे बाहेर कळावं म्हणून प्रत्येकाने आत काहीतरी गुणगुणायचं, असं घरात ठरलं. पहिल्या दिवशी मी मनापासून गायलो. बाहेर आलो तर आई चादरीजवळच उभी होती.

"तू गाऊ नकोस," ती म्हणाली. "नुसता खोकत जा."