दहा बोटांचा उमेदवार

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण खोटी आहे असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. आमच्या चौकटींच्या कारखान्याने तिचा सखोल विचार केला आणि असा निष्कर्ष काढला की, मागच्याला शहाणे करायचे असेल तर पुढच्याला ठेच लागलेली असणे ही पहिली आवश्यक बाब आहे. ज्याला ठेचच लागली नाही, त्याच्या मागून चालून कोण कसा शहाणा होणार?

आमच्याकडे आरशांच्या आणि तसबिरींच्या चौकटी होतात. कोपरा नीट जुळायचा तर लाकडी पट्टी तिरकी कापावी लागते, आणि त्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या सहा मायटर करवती आहेत. गोल पाते फिरत खाली येते, पट्टी कापते आणि वर जाते. ते वर गेले की एक पारदर्शक झाकण आपोआप त्याच्यावर येते. ही सोय करवत बनवणाऱ्याने माणसाच्या बोटांसाठी केलेली आहे. परंतु झाकणामुळे पेन्सिलीची रेघ नीट दिसत नाही आणि दर करवतीमागे दिवसाला अकरा चौकटी कमी भरतात, हे लक्षात येताच सहाही झाकणे तारेने वर बांधण्यात आली. (तार उत्तम प्रतीची आहे. सुरक्षेच्या बाबतीत कारखाना हलका माल वापरत नाही.)

कामगार चाळीस. हिशेबाने बोटे चारशे हवीत. गेल्या मोजणीत तीनशे एक्क्याण्णव भरली. म्हणजे सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक बोटे जागच्या जागी आहेत. हा आकडा फाटकाजवळच्या फलकावर लावला आहे आणि येणारे पाहुणे तो वाचून मान डोलावतात.

अशात सुरक्षा प्रशिक्षकाची जागा निघाली. अर्ज दोन आले.

पहिला साडेआठ यांचा. हे त्यांचे टोपणनाव, आणि ते का पडले हे समजावून सांगायला नको. दुसरा दहाबोटे मिस्त्रींचा. सव्वीस वर्षे करवतीवर काढून त्यांचे दोन्ही हात जन्माला आले तसेच होते. याकडे कारखान्यात जरा संशयानेच पाहिले जाई. "खरंच कापतो, की नुसता उभा राहतो?" असे लोक जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना विचारत.

मिस्त्रींना पदाची हौस नव्हती. त्यांची मुलगी सोमवारपासून चौथ्या करवतीवर लागणार होती, आणि झाकणाची तार सोडण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षकाला असतो. (तो आजवर कोणी वापरलेला नाही, त्यामुळे अगदी कोरा आहे.) मिस्त्रींना तेवढाच हवा होता.

निवड समितीने गुणांची वाटणी न्याय्य केली होती. अनुभवाला साठ गुण, गमावलेल्या बोटामागे चाळीस या दराने. सांगण्याच्या हातोटीला तीस. करवत कशी चालवावी, या ज्ञानाला उरलेले दहा.

साडेआठांनी सुरुवातच अशी केली, "त्या दिवशी सकाळपासूनच माझं मन लागत नव्हतं." ते "आणि मी खाली पाहिलं, तर..." इथवर आले तेव्हा अध्यक्षांनी टेबलाची कड धरली होती आणि कारकून लिहायचे विसरला होता. एका सभासदाने हा भाग पुन्हा सांगण्याची विनंती केली. अपघात टाळायचा कसा, हे विचारायला वेळ उरला नाही.

मग मिस्त्री आत गेले.

"तुमचा अपघात सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"झाला नाही, साहेब."

"एकही नाही? निदान थोडक्यात वाचलात, असं काही?"

"तसंही नाही."

"अहो, मग सव्वीस वर्षं केलंत काय?"

"लाकूड कापलं."

अध्यक्षांनी दयाळूपणे पाण्याचा पेला पुढे सरकवला. "बरं, नव्या लोकांना शिकवाल काय?"

मिस्त्रींनी सावकाश सांगितले. पाते बदलायचे तर आधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. बाह्या कोपरावर, डोळ्यांवर चष्मा. पट्टी मागच्या टेकणाला घट्ट लावायची. हात पात्यापासून वीतभर लांब. तुकडा लहान असेल तर हाताने धरायचाच नाही, शिकंजा लावायचा. पाते पुऱ्या वेगात आले की मगच खाली आणायचे. कापून झाल्यावर खटका सोडायचा, पाते थांबेपर्यंत तसेच खाली ठेवायचे, आणि मग वर न्यायचे.

"आणि मग?" एक सभासद पुढे झुकले.

"मग काही होत नाही."

"म्हणजे काय होत नाही?"

"काहीच नाही, साहेब. दुसरी पट्टी घ्यायची."

सभासदांनी जांभई दिली. शेऱ्याच्या रकान्यात नोंद झाली : 'ज्ञान पुरेसे. शेवट नाही.'

साडेआठांना ब्याण्णव गुण पडले, मिस्त्रींना दहा. बोटागणिक एक, असे कोणीतरी म्हणालेदेखील.

रविवारी मिस्त्रींनी घरातल्या टेबलावर वर्तमानपत्राची सुरळी ठेवली आणि ती पट्टी आहे असे जाहीर केले.

"हात कुठं?"

"वीतभर लांब," मुलगी म्हणाली.

"कोणाची वीत?"

"तुमची. माझी लहान पडते, बाबा."

"शाबास. आणि तार?"

"ती सोडायचा अधिकार साडेआठकाकांना आहे ना?"

"आहे," मिस्त्री म्हणाले आणि सुरळी पुन्हा सरळ करत बसले.

सोमवारी प्रशिक्षण झाले. साडेआठांनी पावणेदोन तास आपली हकीकत सांगितली. "मी खाली पाहिलं, तर..." या ठिकाणी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या माना उंचावल्या. तेवढ्यात मुलीने विचारले, "काका, तेव्हा झाकण कुठं होतं?"

"वर. बांधलेलं."

"का?"

या प्रश्नाची तरतूद अभ्यासक्रमात नव्हती. साडेआठांनी आधी आढ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. अनेक वर्षे त्यांनी तो हात लोकांना दाखवला होता. स्वतः पाहिला नव्हता. मग त्यांनी खिशातून पक्कड काढली आणि चौथ्या करवतीची तार तोडली.

"कोणी विचारलं तर गंजून तुटली म्हणायचं," ते हळूच म्हणाले. (उत्तम प्रतीची तार गंजत नाही, पण ही बाब अजून कोणाच्या ध्यानात आलेली नाही.)

मुलगी करवतीपुढे उभी राहिली. नवखी, एकटी. तिने चष्मा लावला. बाह्या वर केल्या. पट्टी टेकणाला लावली. हात वीतभर लांब, बाबांच्या वितीएवढा. खटका दाबला. पाते गरगरले, आवाज चढत गेला, एका उंचीवर स्थिर झाला. तिने पाते खाली आणले.

पट्टी कापली गेली.

तिने खटका सोडला, पाते थांबू दिले, वर नेले. झाकण खाली आले. तिने दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी. भोंगा वाजला तेव्हा दोनशे बारा पट्ट्या झाल्या होत्या, चौकटी ठरल्यापेक्षा अकराने कमी. फाटकाशी मिस्त्री उभे होते. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "चल, भूक लागली असेल."

संपले. काही झाले नाही.

आता वाचकहो, एक खरे सांगा. ती पोर करवतीपुढे उभी राहिली, तेव्हापासून तुम्ही कशाची वाट पाहत होतात? आणि दोनशे बारा पट्ट्या सुखरूप कापल्या गेल्यावर तुम्हाला कुठेतरी, अगदी किंचित, चुकल्याचुकल्यासारखे वाटले की नाही? वाटले असेल तर संकोच नको. आमच्या निवड समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. सभासदांना करवतीजवळ जावे लागत नाही. तेव्हा बोटांची काळजी नसावी.