साहेबांचा राखाडी

विमा कंपनीच्या दावे विभागात साहेब सकाळी एकेका संगणकापुढे उभे राहत गेले आणि त्यांच्या कपाळावरची आठी टेबलागणिक खोल होत गेली. एका पडद्यावर मांजराचे पिल्लू होते, दुसऱ्यावर समुद्रकिनारा. ज्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि म्हणून ज्याला सगळे नवरदेव म्हणत, त्याच्या पडद्यावर तर त्याची बायकोच हसत होती. पासवर्डची चौकट नेमकी तिच्या नाकावर आली होती.

“ही कुठली पद्धत?” साहेबांनी विचारले.

“साहेब, सकाळी सकाळी पासवर्ड टाकताना जरा बरं वाटतं.”

“कचेरीत आपण बरं वाटायला येतो का?”

नवरदेव घाईघाईने पासवर्ड टाकू लागला.

साहेब मनाने वाईट नव्हते, पण हसण्याशी त्यांचे फारसे जमत नसे. दाव्यातली एक ओळ इकडची तिकडे झाली तरी ते अख्खा दावा परत पाठवत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना खोडरबर म्हणत. हे वागणे आता अंगाशी येऊ घातले होते. विभागात येणाऱ्या माणसांना तुसडी वागणूक मिळते अशा तक्रारी वरपर्यंत गेल्या होत्या. विभाग ठेवायचा की दुसऱ्या शाखेत मिसळून टाकायचा, हे ठरवायला मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई येणार होत्या. साहेबांच्या मते यावर उपाय एकच होता, आणखी शिस्त. संगणक सुरू होतानाचा पडदा आणि पासवर्ड विचारणारा पडदा, दोन्ही सगळीकडे एकाच रंगाचे हवेत, आणि तो रंग राखाडी.

त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

“तुमच्याच संगणकावरून होईल, साहेब,” तो म्हणाला. “सेटिंगमध्ये रंगांचं चाक दिसेल. त्यावरचा ठिपका फिरवायचा आणि हवा तो रंग आला की ‘सर्वांना लागू करा’ दाबायचं.”

“मला जमेल?”

“लहान मूलही करेल.”

हे साहेबांना लागले. सगळे घरी गेल्यावर ते दार लावून बसले. ठिपका इकडे नेला तर रंग काळपट होई, तिकडे नेला तर धुतल्यासारखा फिका. शेवटी त्यांना हवा तसा, ना उदास ना उथळ, असा राखाडी सापडला. चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा पाहिला, बटण दाबले आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी काकू आल्या. त्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या. साहेबांनंतर शब्द त्यांचाच. त्यांनी संगणक सुरू केला आणि त्या पर्स खांद्यावरून काढायचे विसरल्या. पडदा गुलाबी झाला होता. साधासुधा नव्हे, लहान मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर असतो तसला गुलाबी. माणसे येत गेली तसतशी टेबलामागून टेबले गुलाबी होत गेली.

“काकू, व्हायरस आलाय,” नवरदेव म्हणाला.

काकूंनी भिंतीकडे बोट केले. तिथे साहेबांच्या सहीचा ताजा कागद होता: ‘आजपासून सर्व पडद्यांचा रंग राखाडी राहील. बदल करणाऱ्याकडून लेखी खुलासा घेण्यात येईल.’ सगळ्यांनी कागदाकडे पाहिले, मग पडद्यांकडे, मग पुन्हा कागदाकडे. तेवढ्यात साहेब आले.

“कसा वाटतो?”

“प्रसन्न आहे, साहेब,” काकू जपून म्हणाल्या.

“प्रसन्न नको होता. गंभीर हवा होता.”

“तसा गंभीरही आहे.”

साहेब आत गेल्यावर कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, साहेब आपली परीक्षा घेतायत. कोणी म्हणाले, या वयात माणूस कधी कधी पाघळतो. नवरदेवाने दुसरे मत धरले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागायला आत गेला. एरवी त्याने एखादी मावशी आजारी पाडली असती. या वेळी त्याने, “बायकोला फिरायला न्यायचंय,” असे खरे कारण सांगितले. रजेसाठी खरे कारण ऐकून साहेब इतके गडबडले की त्यांनी अर्जावर सही करून टाकली. मग इतरांचीही भीड चेपली. दुपारी एक गृहस्थ भांडणाच्या तयारीनेच, बाह्या सावरत काउंटरवर आले. समोरचा गुलाबी पडदा पाहून त्यांनी, “दावे विभाग हाच ना?” असे हळू आवाजात विचारले आणि मुकाट्याने बाकावर बसले.

“बघा काकू,” साहेब म्हणाले, “राखाडी रंगानं माणूस कसा ताळ्यावर येतो.”

तेव्हा काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेब थट्टाही करत नव्हते आणि पाघळलेही नव्हते. काकूंनी जिन्यात जाऊन साहेबांच्या घरी फोन केला.

“वहिनी, साहेबांना रंग नीट दिसतात ना हो?”

वहिनींनी विचारले, “काय झालं? कपडे तर मीच काढून देते.”

काकूंनी सगळे सांगितले. “मोठ्या बाई उद्या यायच्यात. तुम्हीच सांगा साहेबांना.”

वहिनींनी संध्याकाळी सांगायचे ठरवले होते. पण जेवताना साहेब राखाडी रंगाबद्दल इतक्या आनंदाने बोलत राहिले की त्यांच्याने तोंड उघडवेना.

मोठ्या बाई आल्या त्याच मुळी तक्रारींची जाडजूड फाइल काखेत मारून. साहेब त्यांना ताठ मानेने टेबलांमधून घेऊन गेले.

“आमच्याकडे एकसूत्रीपणा आहे. पाहा, प्रत्येक पडदा राखाडी.”

बाईंनी पडद्याकडे पाहिले. मग साहेबांच्या तोंडाकडे पाहिले. तिथली एक रेघही हलली नव्हती.

“राखाडी?”

“हो. मी स्वतः निवडला. डोळ्यांना त्रास नाही, मनाला मोह नाही. जरा उजळ घेतलाय. काळपट असता तर उदास वाटला असता.”

“हा उदास नाही वाटत,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“मुख्य कार्यालयातही लावावा, असं मी सुचवीन. तिथल्या वातावरणाला शोभेल.”

बाईंनी फाइल तोंडापुढे धरली, पण उपयोग झाला नाही. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि त्यांच्यामागून कधीपासून ओठ चावत बसलेला अख्खा विभाग हसला. साहेबांना काही कळले नाही. पण वरिष्ठ हसत आहेत तर आपण गंभीर राहणे शिस्तीत बसणार नाही, म्हणून तेही थोडे हसले.

“तुमच्याबद्दल मला भलतंच सांगितलं होतं,” बाई डोळे टिपत म्हणाल्या. “स्वतःच्या कडकपणाची अशी थट्टा करणारा साहेब आमच्याकडे दुसरा नाही. हा विभाग कुठेही जाणार नाही.”

संध्याकाळी साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“आज मी काहीतरी विनोदी बोललो. काय, ते मात्र कळत नाहीये.”

वहिनींनी गॅस बंद केला. “तुमचा राखाडी गुलाबी आहे,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“किती गुलाबी?”

“काकू म्हणतात, डोळ्यांवर येतो इतका.”

“आणि मला रंग कळत नाहीत, हे तुला कधीपासून माहीत?”

“पहिल्या भेटीपासून. माझ्या लालभडक स्वेटरला तुम्ही ‘मातकट, पण सोज्वळ’ म्हणालात.”

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“किती खात्रीनं बोलत होतात. आणि सोज्वळ म्हणालात, ते मला आवडलं होतं.”

साहेब खुर्चीत बसले. “अख्ख्या विभागाला दिसत होतं. एकही जण बोलला नाही.”

“घाबरतात तुम्हाला.”

“मी एवढा गुलाबी दिसत असतानाही?”

वहिनींना हसू आले, पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हळूच विचारले, “साहेब, रंग बदलायचा असेल तर दुरुस्तीवाल्याला बोलावू?”

साहेबांनी पडद्याकडे निरखून पाहिले.

“कशाला? आहे तो राखाडी छान आहे,” ते नेहमीच्याच सुरात म्हणाले आणि आत गेले.

“यांना अजून कळलेलं नाही,” नवरदेव कुजबुजला.

तेवढ्यात आतून कर्रकर्र असा आवाज आला. थांबला आणि पुन्हा आला.

“खुर्ची वाजतेय साहेबांची. तेल द्यायला हवं,” म्हणत नवरदेवाने दार किलकिले करून आत डोकावले. साहेब खिडकीपाशी उभे होते आणि एकटेच हसत होते.