चावी असताना काढलेली कौलं

गावात नाटकं बसवणारे पुष्कळ आहेत, पण सिनेमा काढायचा तर तो मीच काढणार, असं मी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं! आणि का नाही सांगणार? एक जाडा आणि एक बारका अशा दोन बिनडोक चोरांचा तो जुना सिनेमा मी इतक्यांदा पाहिलाय, की कोण कधी बादलीत पाय घालून पडतो ते मला झोपेतून उठवून विचारा. देवळाच्या वर्धापनदिनाला तसलीच एक चोरी आपल्या गावात करून दाखवायची, दहा मिनिटांची, मोबाइलवर. जाडा चोर मी. मिरजोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून बसून बसून या भूमिकेची तयारी मी अठरा वर्षं करतोय. बारका चोर माझा मेहुणा केरू. शूटिंगला बायको, समीक्षा.

चोरीला घर हवं. शेजारचं मथुराकाकींचं घर आयतंच होतं. काकी दोन वर्षं झाली, बोरिवलीला मुलाकडे, ओमकारकडे असतात आणि घराची चावी माझ्याकडे असते. आमच्याकडे बंद घराची चावी कोणाकडे आहे, यावरून माणसाची किंमत ठरते. काकींनी ती देताना एकच काम सांगितलं होतं, दर गुरुवारी देवांपुढे दिवा लाव. तेव्हापासून दर गुरुवारी ‘दिवा लावला’ असा मेसेज मी न चुकता पाठवतो. मेसेज न चुकता जातो, एवढं मात्र खरं.

शूटिंगचं काकींना कळवू या का, असं समीक्षाने विचारलं होतं. मी म्हटलं, कशाला उगाच म्हातारीच्या जिवाला घोर!

आता चावीने दार उघडून शिरणारा चोर कोण बघणार? चोर छपरातूनच यायला हवा. त्यामुळे रविवारी सकाळी दहा वाजता समीक्षा चावीने दार उघडून आत गेली, खुर्ची ओढून मोबाइल धरून बसली, आणि ज्याच्या भरवशावर ते घर होतं तो मी, तोंडाला तिची ओढणी बांधून छपरावर कौलं काढत होतो.

“भावोजी, कोणी बघितलान तर?” केरू म्हणाला.

मी त्याला म्हटलं, बघायला आहे कोण इथे?

केरू त्या भोकातून सुतळीसारखा खाली उतरला. मी कमरेपर्यंत उतरलो आणि थांबलो. म्हणजे मी नाही थांबलो, पोट थांबलं! अर्धा मी घरात, अर्धा छपरावर. केरूने खालून पाय धरून ओढलं. कौलांखालच्या दोन रिपा मोडल्या, अकरा कौलं फुटली, मी केरूवर पडलो आणि केरू तांब्याच्या हंड्यावर. समीक्षा इतकी हसली की मोबाइल थरथरायला लागला. मला वाटलं, सीन झकास झाला!

तेवढ्यात माझा फोन वाजला. ओमकारचा होता.

“अनिलदादा, आमच्या घरात चोर शिरलेत. तू कुठे आहेस?”

खरं सांगून मोकळा झालो असतो तर? पण डोक्यावर आभाळ दिसत होतं आणि पायाखाली कौलांचे तुकडे. न विचारता घरात शिरलो हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, “ड्यूटीवर आहे रे, मिरजोळ्याला. पण निघालोच. तू घाबरू नको, दोघांनाही धरून ठेवतो.”



“दोघे आहेत हे मी कुठे सांगितलं, दादा?” ओमकार सावकाश म्हणाला. “आणि त्यातला जाडा आत्ता फोनवर बोलतोय.”

मी वर पाहिलं. देवांच्या फळीसमोर, तुळईला एक बल्ब होता. त्यात लाल ठिपका लुकलुकत होता. तो कॅमेरा होता! दिवाळीत काकींना घेऊन घरी आला होता तेव्हा लावलेला, ओमकारनेच सांगितलं. काकींना तिकडे करमत नाही, म्हणून उठल्याबसल्या घरचे देव बघता यावेत यासाठी.

“आईनेच सांगितलं होतं, अनिलदादाला बोलू नको,” ओमकार म्हणाला. “त्याला वाटेल, आपला त्याच्यावर विश्वास नाही.”

मी ओढणी सोडली. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. दिवाळीपासून काकी रोज देव बघत होत्या, आणि गुरुवारी माझा मेसेज आल्यावरही देवांपुढे अंधारच असायचा.

मग त्या बल्बमधून काकींचाच आवाज आला. केरूने घाबरून बल्बला हात जोडले.

“अनिल, घरात आलायस ना? मग तेवढा दिवा लाव रे बाबू.”

समईवर कोळ्याने जाळं विणलं होतं. तेल नव्हतं, वात नव्हती. समीक्षा आता हसत नव्हती. तिने गुपचूप आमच्या घरून तेल-वात आणून दिली. तिसऱ्या काडीला दिवा लागला.  कौलांचं काकींनी विचारलं नाही, मेसेजचं तर नाहीच. शेवटी एवढंच विचारलं, “पडलास तेव्हा लागलं नाही ना तुला?”

त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी केरू आणि मी नवी कौलं बसवली. मग पडवीत बसून मी फोन उघडला आणि दिवाळीपासूनचे मेसेज वर वर सरकवत गेलो. प्रत्येक ‘दिवा लावला’खाली काकींचं उत्तर होतं, ‘देव तुझं भलं करो’. सगळं दिसत असून, एकही गुरुवार न चुकता.

मी समीक्षाला म्हटलं, ते शूटिंग आधी पुसून टाक.

“पुसते की,” ती म्हणाली, “पण काकींनी दिवाळीपासून जे पाहिलंय, ते कोण पुसणार?”