मानेंना खराब रस्ता लागतो

आमचे शेजारी माने हल्ली वर्षातून दोन-तीनदा दिवसभर गाडी हाकून फ्रान्सला जातात, ते खराब रस्त्यावर सायकल चालवायला. तिथे चीज मिळतं, वाइन मिळते, डोंगरावर जुने किल्ले आहेत, पण माने त्यातल्या कशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. आलिए नावाची एक नदी आहे. तिच्या खोऱ्यात शेतांमधून, जंगलातून खडीच्या वाटा जातात, आणि त्या वाटांवर मानेंचा जीव. खडीच हवी होती तर सातारा सोडून नेदरलँड्सला आलात कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं. "तेव्हा अक्कल नव्हती, वहिनी," म्हणाले.

आम्ही राहतो न्यूनेनला. आइंडहोवनला नोकऱ्या करणाऱ्यांचं हे शांत गाव. इथल्या सायकलच्या वाटा लाल आणि गुळगुळीत. माझ्यासारखी चाळिशीत सायकल शिकलेली बाईसुद्धा हँडलला दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या लावून डुलत घरी येते. माने मात्र या वाटेवर असा चेहरा करून सायकल चालवतात, की कुणी त्यांना बळेबळे आजाऱ्याची पेज पाजतंय. "हा रस्ता आहे की गादी? रस्ता असा पाहिजे, की माणसाला जाग राहील." माझा नवरा त्यांच्याच ऑफिसात आहे. हे वाक्य त्याला इतकं पाठ झालंय की मानेंनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणून टाकतो.

गावाबाहेरच्या जंगलातली एक मातीची वाट पक्की होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा माने खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या बाईला वाटलं, वाटेत खड्डे आहेत अशी यांची तक्रार आहे. तिने फार सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि खड्डे लवकरच बुजतील असा धीर दिला. माने म्हणाले, तेच तर नको आहे. आहेत ते राहू द्या, जमलं तर दोन वाढवा. बाईने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं.

खडीची प्रतवारी मानेंनी स्वयंपाकघरातून उचललेली आहे. बारीक ती रवा. त्याहून जाड साबुदाणा. मग हरभरा, आणि सगळ्यात शेवटी बटाटा. "सुरुवातीला रवा आहे, वहिनी, तुम्हाला कळणारही नाही. नदीच्या अलीकडे थोडा हरभरा. बटाटा लागला की सरळ उतरायचं, त्यात लाज नाही." हे ऐकून मला रस्त्यापेक्षा उपवासाचीच आठवण जास्त झाली, पण यंदाच्या मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गेलो. मानेवहिनी आल्या नाहीत. त्या म्हणतात, बैलगाडीत बसायचं असतं तर मी इंजिनिअर नवरा कशाला केला असता.

मानेंचे नियम पहिल्या सकाळीच कळले. निघताना घंटी दोनदा वाजवायची, थांबताना एकदा. त्यांच्या पुढे कुणी जायचं नाही आणि शेजारीही यायचं नाही. शिवाय सगळ्या वाटेवर मोबाइलला रेंज हवी. त्यासाठी त्यांनी तीन कंपन्यांची कार्डं घातलेले तीन फोन आणले होते, आणि प्रत्येक टेकाडावर चढून ते एकेक फोन आभाळाकडे धरून बघत. रेंज तुटणाऱ्या सुंदर वाटा त्यांनी नकाशातून बिनदिक्कत कापल्या होत्या. शेवटचा नदीकडचा उतार मात्र त्यांना न तुटता हवा होता. "मागच्या दोन्ही खेपांना मधेच रेंज गेली. या खेपेला झालाच पाहिजे," असं ते जेवताना सारखं म्हणत होते. नवऱ्याचं म्हणणं पडलं की माने ऑफिसला घाबरतात. मला वाटलं, हे कुण्या बाईचं लफडं आहे, आणि मी मनातल्या मनात मानेवहिनींची कीव केली.

तिथल्या शेतकऱ्यांना आमची कीव येत होती. एका वाडीपाशी ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याने आम्हाला थांबवून हातवारे करून सांगितलं, की चांगला रस्ता तिकडे, पलीकडे आहे. माने हसून नको म्हणाले. म्हातारा खाली उतरला, आमच्यापुढे शंभर पावलं चालत गेला आणि आम्हाला डांबरी रस्त्यावर नेऊन उभं केलं. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही त्या चांगल्या रस्त्यावरून सभ्यपणे गेलो आणि मग चोरासारखे परत फिरलो.

त्यानंतर थोड्याच वेळात नवऱ्याचं चाक बसलं. पंप मानेंच्या पिशवीत, आणि माने पुढच्या वळणापलीकडे. नियम बाजूला ठेवून मी जोरात पुढे गेले. माने एकटेच बोलत होते. अजून जवळ गेले तर त्यांच्या हँडलवरून एक म्हातारा, घोगरा आवाज आला.

"सेकंडला घाल. सेकंडला घाल म्हनतो न्हवं? गाडी दमलीया."

"घातला, वस्ताद," माने म्हणाले आणि त्यांनी खरोखरच गिअर उतरवला.

मला बघून ते ओशाळले. नवऱ्याने पंप मारेपर्यंत गाडी थांबली असल्याचं हँडलवरच्या वस्तादांना रीतसर कळवण्यात आलं, आणि मग बांधावर बसून मानेंनी मला सगळं सांगितलं. तो आवाज त्यांच्या वडिलांचा. अण्णांनी उभा जन्म एसटी चालवली, घाटातून, कच्च्या रस्त्यांवरून. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, कुणाला ओळखत नव्हते, एक शब्द बोलत नव्हते. माने सुट्टी काढून महिनाभर जाऊन बसले, तरी नाही. इथून ते रोज सकाळी सायकल चालवता चालवता व्हिडिओ कॉल लावत. बहीण फोन अण्णांसमोर धरायची आणि आपल्या गुळगुळीत वाटा बघता बघता अण्णा झोपून जायचे. मग एके दिवशी न्यूनेनमध्ये एक वाट खणून ठेवली होती. त्या खडीत सायकल धडधडली, स्क्रीन हलली, आणि तिकडून आवाज आला, "ब्रेक मार."

"सात महिन्यांनी बोलले, वहिनी," माने म्हणाले. "बहीण तिकडं रडायला लागली, मी इकडं."

तेव्हापासून ते वाईट रस्ते शोधतायत. नेदरलँड्समधले लवकरच संपले. शिवाय अण्णांना चढ लागतो, वळण लागतं, एका बाजूला दरी लागते. डबल बेल झाल्याशिवाय ते गाडी सोडू देत नाहीत. पुढे कुणी सायकलवाला दिसला की ओव्हरटेक करायला सांगतात. मी म्हटलं, कॅमेरा फिरवून तुमचा चेहरा दाखवा की त्यांना. दाखवला होता, पण अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते मानेंना डेपोत नव्याने लागलेला ड्रायव्हर समजतात.

"समजू देत. पण हल्ली जेवण कमी झालंय त्यांचं," माने म्हणाले. "एकदा मला संजू म्हणाले ना, बास. त्यांना उतार फार आवडायचे, म्हणून म्हटलं, तो नदीचा उतार एकदा सलग दाखवावा."

बाईच्या लफड्याची माझी शंका मी तिथेच गिळून टाकली.

पुढची वाट आम्ही एकत्र केली. आता अण्णांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. एका गावात दारातल्या आजीबाईंनी आम्हाला बघून हात हलवला, तर अण्णा म्हणाले, हात केलाय बाईनं, थांबव. माने थांबले. आजीबाई गोंधळल्या, आम्हीही गोंधळलो, आणि चार वेळा बाँजूर झाल्यावर अण्णांनी स्वतःच ठरवलं की हिला पुढच्या गाडीने जायचं असेल. जंगल संपलं, झाडांच्या फटीतून खाली नदी दिसली आणि उतार सुरू झाला. सगळा हरभरा. मानेंचं लक्ष रस्त्यावर कमी आणि फोनवर जास्त. रेंज टिकून होती, पण अण्णा गप्प झाले होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मानेंनी दोनदा "वस्ताद?" म्हणून हाक मारली. काहीच आलं नाही. ते घाबरले आहेत हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

तिसऱ्या वळणावर आवाज आला, अगदी हलका.

"हळू घे रं. मागच्या बाकावर माझा संजू झोपलाय. धक्क्यानं उठंल."

मानेंनी दोन्ही ब्रेक आवळले. क्षणभर वाटलं, ते आता सांगून टाकतील. त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"हो वस्ताद," ते म्हणाले. "उठू देत नाही त्याला."

आणि ज्या उतारासाठी त्यांनी तीन खेपा केल्या, तो माने चालत्या माणसाच्या वेगाने उतरायला लागले, एकेक खडा चुकवत. मी मागोमाग तशीच निघाले. मलाही रडू येत होतं. सगळ्यात मागे असलेल्या माझ्या नवऱ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. एवढं हळू का चाललोय, असं त्याने मोठ्यांदा विचारलं, तेव्हा मी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.