आप्पांच्या भिंतीवरचा कडबा

आमच्या वालूरला आप्पांच्या किराणा दुकानात एक मगर होती. फोटोतली. तिच्या उघड्या जबड्यात कुठल्याशा देशातल्या माणसाने हौसेने डोकं घातलं होतं. आप्पांनी लाल-निळ्या पेन्सिलीने त्या जबड्यात एक मुसळ उभं करून ठेवलं होतं. "आता मिटव म्हनावं तोंड," असं ते गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता सांगायचे.

पुड्या बांधायला परभणीहून रद्दी यायची, त्यात इंग्रजी साप्ताहिकं असायची. मजकुराच्या पानांत हळद-जिरं जायचं. फोटो आप्पा खळ लावून भिंतीवर चिकटवायचे. विमानाच्या पंखावर उभी बाई, दोन डोंगरांमध्ये तारेवरून चालणारा माणूस, वाघाच्या पिंजऱ्यात छडी घेऊन शिरलेला सर्कसवाला. पण फोटो आहे तसा त्यांना बघवत नसे. तारेवरच्या माणसाखाली त्यांनी कडब्याची गंजी रचली होती. पिंजऱ्याला मागून दार पाडलं होतं. बर्फातल्या पांढऱ्या अस्वलापुढे शेकोटी पेटवली होती.

मी म्हटलं, "आप्पा, त्याला थंडी वाजत नाही हो. त्याचं घरच आहे ते."

"तुमाला सांगितलं का त्यानं?"

एकदा मी गूळ घेऊन घरी पोचते न पोचते तोच आप्पा धापा टाकत दारात. "वैनी, कागद द्या परत. मागच्या अंगाला मानूस हाय. घोड्यावरून उडालाय." गूळ परातीत काढून मी कागद दिला. माणूस चिकट झाला होता. त्याला धोतराच्या सोग्याने पुसत आप्पा परत गेले.

पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदारसाहेब, गावात आले, तेही त्या भिंतीपुढे थबकले. "ये घास कायकू?"

आप्पा हात जोडून म्हणाले, "गिरा तो लगना नै, साब."

साहेबांनी बराच वेळ तारेकडे पाहिलं. मग म्हणाले, "और डालो थोडा."

मी एकदा सरळच विचारलं, हा काय छंद? आप्पा म्हणाले, "फोटू काढनारा फोटू काढून घरी गेला, वैनी. मानूस तितंच लटकायलाय की आजून."

त्यांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. दुकान बंद केलं की त्याच भिंतीखाली ते भाकरी खायचे.

लढाईच्या दिवसांत माझा मुलगा दत्तू पलटणीत लॉरी हाकायला गेला. तिकडून त्याचा फोटो आला. खोल दरीवर दोरांचा पूल, आणि मधोमध हा शहाणा एका पायावर उभा. दोन्ही हात सोडून हसतोय. मी कपाळावर हात मारला. आप्पांना कळायला वेळ लागला नाही.

"बघू तरी, वैनी."

"बघा. पण पेन्सिल लावलीत तर सामान पाथरीहून आणीन."

त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि परत दिला. त्यानंतर मात्र मी दुकानात गेले की आप्पा हटकून विचारायचे, "खाली काईच न्हाई ना?"

पुढे दत्तूची खबर येणं बंद झालं. पावसाळा गेला, ज्वारी निघाली. खुरपणी, मळणी सगळं मी उभं राहून करून घेतलं. रडत बसणाऱ्यांतली मी नव्हे. एका दुपारी मात्र तो फोटो पदराखाली घेऊन गेले आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या पेन्सिल. काढा काय काढायचं ते."

त्यांनी हात धुतले, कोरडे केले, पेन्सिलीला टोक काढलं. मला वाटलं, गंजी रचतील. त्यांनी दरीच्या तळाशी एक बुटका माणूस काढला. डोक्यावर आप्पांसारखीच काळी टोपी, तोंड वर, दोन्ही हात पसरलेले.

"आणि कडबा?" मी विचारलं.

"कडबा वाऱ्यानं उडतोय, वैनी."

उन्हाळ्यात दत्तू आला. दाढी वाढलेला, जरा लंगडत. मी आधी त्याला आंघोळीला पाणी दिलं, जेवू घातलं, आणि मग दुकानात नेलं. आप्पांनी तराजू खाली ठेवला आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"उतरलास?"

"उतरलो, आप्पा."

"मग लवकर यायचं की रे," आप्पा खांदे चोळत म्हणाले. "लय भरून आलेत हात माजे."